लाटेची बोट

ऑक्टोबर संपत आला होता. परतीच्या पावसाची एक सर नुकतीच मंदावली होती आणि धरणाच्या पाण्यावर तिचे बारीक ठिपके अजून उठत होते. मी खडकावर कपडे धूत होते. बोटीचा आवाज आला, गेला... आणि बोट पार लांब गेल्यावर, कुणी बोलावलेलं नसताना, तीन लाटा एकामागून एक आल्या. पहिलीने साबण नेला. दुसरीने मला कमरेपर्यंत भिजवलं. तिसरीने बाबांची चौकडीची लुंगी उचलली आणि डौलात आत घेऊन गेली.

मी उभी राहून ओरडले. काय ओरडले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बोट वळली. काठ बराच लांब असतानाच चालवणाऱ्याने इंजिन बंद केलं आणि वल्हं मारत, वाटेत लुंगी उचलून घेत, तो काठाला आला. काळासावळा, उन्हाने रापलेला, अंगात पलीकडच्या बोट क्लबचा निळा टीशर्ट. वल्ह्याच्या टोकावर लुंगी झेंड्यासारखी लटकत होती.

"ही तुमची?"

"मी लुंगी नेसते असं वाटतं काय तुमाला?"

"नाय... मंजे... मग कोनाची?"

"बाबांची. साबन पन व्हता. तो पन आना."

"साबन आता माशांच्या घरी गेला." तो हसला. दात पांढरेशुभ्र. "आज रातच्याला मासे लई वासाचे लागतील तुमाला."

मला हसू आलं, ते मी लुंगी पिळण्यात लपवलं. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. माझ्या मागे, काठाकडे बघत होता, आणि त्याचं हसू मावळलं होतं. काठाची माती पाण्याच्या रेषेशी आत आत खाल्ली गेली होती. वर गवत, खाली पोकळी... जणू कुणी काठाचं पोटच कापून नेलं होतं.

"हे कधीपास्नं असं?"

"तुमच्या बोटी आल्यापास्नं," मी म्हटलं. "तीन वर्षं."

जाताना त्याने इंजिन सुरूच केलं नाही. पाण्यातून वर आलेल्या काळ्या खडकापलीकडे जाईपर्यंत वल्हंच मारत राहिला. मी बघत उभी राहिले. बाबांची लुंगी माझ्या हातात तशीच गळत होती.

मी रूपा. आमचा सावरपाडा पनवेलपासून तासाभराच्या अंतरावर, डोंगराच्या पायथ्याला, धरणाच्या काठावर. सगळी मिळून चौदा घरं, सगळे आदिवासी, जमीन कुणाच्याच नावावर नाही. माझे बाबा, देवजी, वीस वर्षं वीटभट्ट्यांवर राबले. आई तिथेच भट्टीवर तापाने गेली. मग बाबांनी ठरवलं, आता लोकांच्या विटा पुरे. धरणाच्या काठची माती आणून त्यांनी स्वतःच्या विटा पाडल्या, स्वतः भाजल्या आणि घर बांधलं. पाड्यातलं पहिलं विटांचं घर. मी बारावी झाले आणि पनवेलला एका नर्सरीत कामाला लागले. सकाळची एसटी, संध्याकाळची एसटी, सोमवारी सुट्टी.

बाबा रोज सकाळी उंबऱ्यापासून काठापर्यंत पावलं टाकत. घर बांधलं तेव्हा एकतीस भरली होती. त्या ऑक्टोबरात चौदा भरत होती.

पुढच्या सोमवारी तो पुन्हा आला. सोमवारी क्लब बंद असायचा. छोट्या होडीत सहा जुने टायर आणि एक साबणाची वडी.

"करंज्याच्या बंदरातनं आनले," टायर उतरवत तो म्हणाला. "आमच्याकडं जेट्टीला बांधतात. लाटेचा मार खातात. मी गोरख. कोळी हाय, करंज्याचा."

"आनि साबन?"

"तो पनवेलचा."

बाबा बाहेर आले. त्यांनी गोरखला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग टायरांना न्याहाळलं. "बस," म्हणाले. "चा घे. मंग सांग, तू बोटवाला असून आमच्या काठाची काळजी का म्हनून?"

गोरखने चहा घेतला. माझ्याकडे एकदाच बघितलं... आणि बाबांना उत्तर मिळालं. ते गालातल्या गालात हसत कुदळ आणायला गेले.

मी नर्सरीतून वाळ्याची रोपं आणली होती. वाळ्याच्या मुळ्या माणसाच्या उंचीएवढ्या खोल जातात, माती घट्ट धरतात. आम्ही तिघांनी काठावर ओळीने वाळा लावला, खाली टायर रचले. चिखलात माझा हात त्याच्या हाताला लागला. त्याने तो मागे घेतला नाही. मीही घेतला नाही. चिखल होता, कुणाचा हात कुठला ते तसंही दिसत नव्हतं.

"लाट येवढी मोठी कशी होते?" मी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

"बोट जोरात पळाली की पान्यावर उचलली जाते, लाट बारीक पडते. लई हळू गेली तरी बारीकच. पन मधल्या चालीत," त्याने तळहात तिरका धरून दाखवला, "नाक वर, बूड खाली, तवा ती पानी नांगरत जाते. लोकांना तीच चाल आवडते. फोटो बरे येतात."

"आनि तू?"

"मी तुमच्या बाजूला तसा येनारच नाय. काळ्या खडकाच्या अलीकडं बोट आननार नाय. शब्द देतो."

"कोनाला? मला का बाबांना?"

"काठाला," तो म्हणाला. आणि मग, रोपाभोवतीची माती दाबत, अगदी हळू, "...आनि तुला."

नोव्हेंबर तसा गेला. प्रत्येक सोमवारी होडी यायची. कधी सुके बोंबील, कधी फाटक्या जाळ्याचे तुकडे, माती अडवायला. एकदा तो म्हणाला, "मना हल्ली सोमवार आवडायला लागलाय."

"सुट्टी कोनाला नाय आवडत?" मी म्हटलं. पण माझे कान तापले होते आणि ते त्याला दिसले असणार, कारण होडीत बसून जाताना तो एकटाच हसत होता.

पावलं चौदाच राहिली. वाळ्याला नवे कोंब फुटले.

डिसेंबरात ट्रेलरवरून एक पांढरी बोट आली.

तिच्या पोटात टाक्या होत्या. टाक्यांत पाणी भरायचं, बोट मुद्दाम जड करायची आणि नेमक्या मधल्या चालीत न्यायची. मग तिच्यामागे कमरेएवढी लाट उठते आणि बोटीला बांधलेली दोरी सोडून, पायाखाली फळी घेऊन, माणूस त्या लाटेवर उभा राहतो. लाट हाच खेळ. पाड्यात तिला सगळे 'लाटेची बोट' म्हणायला लागले. पहिल्या दोन रविवारांतच खालचे टायर सुटून वाहून गेले. मग वाळा, मुळांसकट. बाबांची पावलं बारा झाली, मग अकरा.

मी क्लबवर गेले. मॅनेजर कल्पेश बोलायला गोड होता. खुर्ची दिली, पाणी दिलं.

"ताई, पाणी सगळ्यांचंच आहे ना? लाट काय आम्ही तुमच्याकडे पाठवतो का? नॅचरल आहे ते. काठ म्हटला की माती जाणारच."

"पन ही बोट लाटेसाठीच बनवलीय, साहेब. तुमच्याच बोर्डावर लिहिलंय."

त्याने हसून मान हलवली. "खरं सांगू? कागदावर बघितलं तर तुमचं घर तिथे असायलाच नको. सरकारी जमीन. मी तो विषय काढत नाही. तुम्ही हा काढू नका."

गोरख दाराशी उभा होता. खाली मान घालून. बाहेर येताच मी त्याला गाठलं.

"सोड ही नोकरी."

"रूपा, ऐक—"

"गप उभा राह्यलास तू!"

"मी सोडली तर उद्या दुसरा येईल. त्याला काळा खडक मंजे काय ते ठाव नसेल. मी हाय तवर बोट खडकाच्या पल्याड राहील. येवढं तर माझ्या हातात हाय."

मला राग आला होता, पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी त्याच्या टीशर्टाची बाही धरली, एवढंच. जत्रेत हरवायला नको म्हणून लहान मूल धरतं तशी. तो तसाच उभा राहिला.

"शब्द हाय ना?" मी विचारलं.

"हाय."

जानेवारीचा शेवटचा रविवार. नर्सरीत झाडं घेणाऱ्यांची गर्दी. दुपारी गंगूमावशीचा फोन आला. ती आमची शेजारीण. नुसती रडत होती. मग म्हणाली, "काठ गेला गं... देवजीसकट गेला."

बाबा काठावर उभे होते. वरचं गवत जागेवर होतं, आत मात्र सगळं पोकळ. ते उभे होते तो अख्खा तुकडाच खाली बसला. दहा फूट. ते खडकावर पडले आणि वरून माती त्यांच्या छातीवर आली. पाड्यातल्या माणसांनी हातांनी माती उपसून त्यांना काढलं. गंगूमावशीने पांढरी बोट जवळून जाताना पाहिली होती. चालवणारा कोण ते तिला दिसलं नव्हतं.

पनवेलच्या दवाखान्यात मी पोचले तेव्हा बाबांचं कमरेचं हाड आणि पाच फासळ्या मोडल्याचं कळलं. तासाभरात गोरख आला. पायात चप्पल नव्हती. कपडे ओले. माझ्याशी एक शब्द न बोलता तो रक्त द्यायला गेला.

पुढचे सात दिवस तो तिथून हलला नाही. औषधं आणायचा, बाबांना कूस बदलायला धरायचा, रात्रपाळीच्या सिस्टरचा ओरडा खायचा. बाबांना बोलता यायचं नाही, पण गोरखचा हात ते सोडत नसत. मला वाटायचं, एवढ्या वाईटातही देवाने एक माणूस दिला. चौथ्या दिवशी बाकावर बसल्या बसल्या मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि झोपून गेले. जाग आली तेव्हा त्याचा खांदा थरथरत होता. थंडीने असेल, असं मी समजले.

आठव्या सकाळी तो मला जिन्याशी घेऊन गेला.

"रूपा... मना तुला एक सांगायचंय."

मला वाटलं, मला माहीत आहे काय सांगायचंय ते. मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. त्या जिन्यात फिनेलचा वास होता, वर कुणीतरी खोकत होतं, आणि मी, वेडी, मनातल्या मनात 'हो' म्हणूनही टाकलं होतं.

"त्या दिशी बोट मी चालवत व्हतो."

मला शब्द ऐकू आले, अर्थ नाही कळला.

"पल्याड वारा व्हता, पानी खवळलेलं. गिऱ्हाईक पडत व्हतं सारखं. कल्पेशचा फोन आला, तुमच्या बाजूला घे बोट, तिथं पानी निवांत हाय. मी दोनदा नाय बोललो. तिसऱ्यांदा बोलला, मग चावी ठेव आनि जा. मी... घेतली. एकच फेरी, म्हटलं. पाच झाल्या."

"पाच," मी म्हटलं.

"तुझे बाबा घरात व्हते. बोटीत मना बघितलं त्यांनी. हात करायला बाहेर आले. काठापर्यंत आले, रूपा... मना बघून आले."

मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याच चेहऱ्याकडे, जो सात दिवस माझ्या बाबांना पाणी पाजत होता.

"आज का सांगतोस?"

"रोज सांगनार व्हतो. रोज तू झोपलेली असायचीस, नायतर रडत असायचीस. पन काल तू मना बोललीस, तू नसतास तर मी मेले असते. मग मना गप राहवेना."

"जा," मी म्हटलं.

"रूपा—"

"बाबांच्या खाटेपाशी येऊ नको. जा."

तो गेला. दोन दिवसांनी बाबांच्या छातीत पू झाला आणि ते गेले. शेवटच्या दिवशी ते दाराकडे बघत होते, बराच वेळ. कुणाची वाट बघत होते ते मला कळत होतं. मी त्याला बोलावलं नाही. ते ओझं माझ्यावर आहे, आणि राहील.

आम्ही बाबांना डोंगराच्या बाजूला पुरलं, पाण्यापासून लांब.

मार्चमध्ये पनवेलला तहसील कचेरीत चौकशी लागली. मी आणि गंगूमावशी एका बाजूला, कल्पेश आणि क्लबचा वकील दुसऱ्या बाजूला. वकिलाने कागद ठेवला: त्या रविवारी पांढरी बोट दुरुस्तीला उभी होती, चालक रजेवर होता, आणि काठ पावसाने आधीच कमकुवत झालेला होता. तहसीलदार साहेबांनी गंगूमावशीला विचारलं, "बोट नक्की तीच होती? दुसरी नसेल?" मावशी गडबडली. अक्षर न ओळखणारी बाई, समोर एवढे कागद. "पांढरी व्हती," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

गोरखने जिन्यात सांगितलेलं माझ्यापाशी होतं, पण त्याच्याशिवाय माझा शब्द कोण धरणार? मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात मागून आवाज आला. "बोट तीच व्हती. मी चालवत व्हतो."

गोरख कधी येऊन उभा राहिला होता, मला कळलं नव्हतं. बारीक झाला होता. दाढी वाढलेली. कल्पेश झटकन उठून त्याच्यापाशी गेला आणि हळू आवाजात म्हणाला, पण मी जवळच होते, मला ऐकू आलं. "पागल झालास काय? तुझ्यावरच केस होईल. अलिबागला नोकरीला लावून देतो म्हटलं ना तुला!"

गोरखने त्याच्याकडे बघितलंही नाही. साहेबांनी चष्मा काढला. "तुम्ही काय बोलताय ते समजतंय ना? माणूस गेलाय. तुमचा जबाब तुमच्याच विरुद्ध जाईल."

"समजतंय, साहेब. लिवून घ्या."

आणि त्याने सगळं सांगितलं. टाक्या भरलेल्या होत्या. काठापासून बोट चाळीस हातांवर होती. पाच फेऱ्या. कल्पेशचे तीन फोन, त्यांच्या वेळा. मोबाईल काढून टेबलावर ठेवला. त्याला काळ्या खडकाबद्दल विचारलं नव्हतं, तरी तेही सांगितलं. "मी त्यांना शब्द दिला व्हता. तो मी मोडला. हे पन लिवा."

लिहिणाऱ्या बाईचा हात थांबला. तिने साहेबांकडे बघितलं. साहेब म्हणाले, "लिहा."

सही करून तो बाहेर गेला. दारात एकदाच त्याची नजर माझ्या नजरेला भिडली. त्यात मागणं काहीच नव्हतं. मी मान खाली घातली, कारण मी वर बघत राहिले असते तर रडले असते, आणि त्या खोलीत मला रडायचं नव्हतं.

महिन्याभराने हुकूम आला. पांढरी बोट बंद. बाकीच्या बोटींनी काठापासून लांब राहायचं, पाण्यात लाल पिंपं बांधून हद्द आखली. कल्पेश आणि गोरख दोघांवर केस झाली, ती अजून चालू आहे. आणि आमचं घर... ते वाचलं नाही. काठ सहा पावलांवर आला होता, काठाकडची भिंत फाटली होती. कोसळण्याआधी आम्हीच ते उतरवलं. पाड्यातली सगळी माणसं ओळीने उभी राहिली आणि बाबांनी पाडलेली एकेक वीट हातोहात वर, रस्त्याकडेच्या माळावर गेली. तिथे दोन खोल्या उभ्या राहिल्या. पहिल्यापेक्षा लहान.

मी गोरखला फोन केला. एप्रिलभर केला. तो उचलत नव्हता.

मग मे महिन्यात एका सोमवारी मी उरणची एसटी धरली आणि तिथून करंज्याला गेले. बंदरात लिलाव संपत आला होता. बायकांच्या टोपल्या, बर्फाचा चुरा, कोलंबीचा उग्र वास. त्याच्या मामाच्या बोटीजवळ तो उकिडवा बसून जाळं शिवत होता. माझी सावली पडली तसं त्याने वर बघितलं. हातातली सुई खाली पडली.

"फोन का उचलत नाय?" मी विचारलं.

"काय बोलू?"

मी बाजूच्या उलट्या टोपलीवर बसले. एक मांजर आमच्यामधून माशाचं डोकं घेऊन गेलं.

"मी बाबांना शेवटचं भेटू दिलं नाय तुला," मी म्हटलं. "ते दाराकडं बघत व्हते. तुला सांगायला पायजे व्हतं, म्हनून आले."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत राहिले. मी त्याला हात लावला नाही. मलाही कुणीतरी हात धरायला हवं होतं, पण तेवढ्याने बाबांचं जाणं पुसलं जाणार नव्हतं.

"तू खोटं बोलला असतास तर सुटला असतास," मी म्हटलं.

"सुटून जानार कुठं? मी तुझ्या बाबांना..."

"ठाव हाय मला. रोज आठवतं. तुझा चेहरा आठवला की ते पन आठवतं, दोनी एकदम. एक सोडून दुसरं येत नाय." माझा आवाज फाटला. "पन तुझा चेहरा आठवायचा थांबत पन नाय, गोरख. काय करू मी?"

वाऱ्याने जाळ्याची कड उडत होती, ती त्याने पायाखाली धरली.

"मी थांबेन," तो शेवटी म्हणाला. "तू बोलशील तवर. नाय बोललीस तरी थांबेन. केसमधी काय व्हईल ते व्हईल."

"लगीन-बिगीन यंदा नको विचारू."

"नाय विचारत."

"पुढल्या वर्षी पन मी काय बोलेन ते आज ठाव नाय."

"चालेल." मग, अगदी बारीक, चाचरत, "...पुढल्या वर्षी विचारू मंजे?"

इतक्या महिन्यांनी माझ्या ओठाचा एक कोपरा हलला. मला स्वतःलाच नवल वाटलं. "आदी फोन उचलायला शिक," मी म्हटलं आणि उठले.

स्टँडवर एसटी उभी होती, रिकामी. ड्रायव्हर चहाला गेला होता. मी खिडकीपाशी बसले आणि पिशवी मांडीवर घेतली. दोन मिनिटंही झाली नसतील, फोन वाजला.

"पोचलीस?"

"गोरख... गाडी अजून सुटली पन नाय."

पलीकडून बंदरातल्या कावळ्यांचा आवाज तेवढा येत होता.

"मग ठेवू?" त्याने विचारलं.

"नको," मी म्हटलं. "सुटेपर्यंत बोल."